हाफकिन साहेब आणि खाली पडलेला चिमटा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र येत असते. जिजाऊ, ताराराणी, अहिल्याबाई, सावित्रीबाई, आपले शाहू महाराज अशी चरित्रे भगिनींनी मोठ्या आपुलकीने लिहिली आणि आपण ती आवडीने वाचली. यंदा हे काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठमोठ्या पदव्यांच्या गोष्टी मला नीट सांगता येतील असे नाही, परंतु चूल, बरणी, आजारपण आणि बाळंतपण या गोष्टी आपणा सर्वांच्या हाताखालून गेलेल्या आहेत. त्याच वाटेने मी हे चरित्र सांगणार आहे.

हाफकिन हे नाव आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? उसाच्या फडात पान लागले की माणसाला घेऊन दवाखान्यात धावावयाचे आणि परळच्या हाफकिनमधील औषध आहे का ते विचारावयाचे, हे आपल्या जिल्ह्यातील कित्येक घरांनी अनुभवले आहे. परंतु हाफकिन हे एका माणसाचे नाव होते, हे पुष्कळांना माहीत नसते. ते कोठले, येथे कसे आले, त्यांनी काय केले आणि त्यांच्यावर कोणता प्रसंग ओढवला, हे कळले म्हणजे दवाखान्यातील स्वच्छता ही केवढी मोठी गोष्ट आहे हे आपोआप समजते.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा या शहरी झाला. तेव्हा तो मुलूख रशियाच्या झारच्या ताब्यात होता. आज तो युक्रेन देशात आहे. त्यांचे घराणे ज्यू धर्माचे. त्या राज्यात ज्यू लोकांना फार त्रास सोसावा लागे. दंगेखोर त्यांच्या वस्त्यांवर तुटून पडत, घरे लुटत. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभे राहिले आणि त्यामुळे त्यांना अटकही झाली. ओडेशाच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. तेथे मेचनिकॉव्ह नावाचे मोठे शास्त्रज्ञ त्यांचे गुरू होते. विद्यार्थी हुशार, परंतु ज्यू असल्यामुळे मोठ्या शिक्षकाची जागा मिळणे कठीण. धर्म बदलला असता तर वाट मोकळी होती. हाफकिन यांनी धर्म बदलला नाही. त्यांनी देश सोडला.

१८८८ साली ते स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा येथे गेले आणि पुढल्या वर्षी पॅरिसला आले. तेथे लुई पाश्चर यांची संस्था नुकतीच सुरू झाली होती आणि गुरू मेचनिकॉव्हही तेथेच होते. जागा मिळाली ती ग्रंथालयातील मदतनिसाची. दिवसा पुस्तके सांभाळावयाची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करावयाचे, असा त्यांचा क्रम. या कष्टातून त्यांनी पटकीवर, म्हणजे कॉलऱ्यावर, लस तयार केली. ती माणसाला टोचल्यास अपाय होत नाही हे सिद्ध करणे जरूर होते. त्यांनी दुसऱ्या कोणाला पुढे केले नाही. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, आणि दोन-चार दिवसांत ते बरे झाले. मग त्यांच्या काही मित्रांनी टोचून घेतले.

त्या वेळी पॅरिसमध्ये इंग्रज सरकारचे वकील म्हणून लॉर्ड डफरिन होते. ते पूर्वी हिंदुस्थानचे व्हॉइसरॉय होते, त्यामुळे येथील पटकीची त्यांना चांगली कल्पना होती. त्यांच्या साहाय्याने हाफकिन १८९३ साली कलकत्त्यास येऊन पोचले. ते वैद्यकीची परीक्षा दिलेले डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्राचे पंडित होते. यामुळे सरकारी डॉक्टरांपैकी कित्येकांच्या मनात त्यांच्याविषयी अढी होती. लोकांच्या मनात तर भीतीच. परका गोरा माणूस हातात सुई घेऊन आला, तो काय टोचणार? हाफकिन यांनी कोणावर जबरदस्ती केली नाही. कलकत्त्याच्या झोपडवस्त्यांत ते स्थानिक डॉक्टरांना बरोबर घेऊन जात, आधी आपल्याच अंगात टोचून दाखवीत, मग जो राजी होईल त्याला टोचीत. एकाच वस्तीत टोचलेले व न टोचलेले असे दोन्ही लोक राहत, आणि पटकी आली म्हणजे कोणाकडे किती माणसे दगावली याची ते नीट नोंद ठेवीत. अशा रीतीने दोन-अडीच वर्षांत हजारो लोकांना त्यांनी लस दिली. या हिंडण्यात त्यांना हिवतापाने गाठले आणि प्रकृती सुधारण्यासाठी विलायतेस जावे लागले. बरे वाटताच ते परत आले.

आता आपल्या मुलखाची गोष्ट येते. १८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईत मांडवी भागात गाठीचा ताप सुरू झाला. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी तो प्लेग आहे हे ओळखले. थोड्याच दिवसांत मुंबईत हाहाकार उडाला. गाड्या भरभरून माणसे गावाकडे पळू लागली आणि त्यांच्याबरोबर प्लेगही गावोगाव गेला. पुण्यात १८९७ साली तो भडकला. सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी पुण्याबाहेर माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्या दवाखान्यात आल्या, त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. सेवा करणाऱ्याला रोग्यापासून किती धोका असतो, याचे याहून मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात नाही. आपल्या करवीर संस्थानातही प्लेग आला. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत लोकांना गाव सोडून मोकळ्या रानात झोपड्या घालून राहावे लागले, याच्या आठवणी जुन्या घरांतून सांगितल्या जात. आमच्या घरातही पणजीच्या वेळची ती हकिगत आजीच्या तोंडून आम्ही ऐकली होती. उंदीर पडू लागले की सामान बांधावयाचे, हे तेव्हा पोरासोरांनाही कळत असे.

अशा वेळी, १८९६ च्या ऑक्टोबरात, सरकारने हाफकिन यांना मुंबईस बोलाविले. त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि तिच्यापुढचा व्हरांडा एवढी जागा मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर तीन महिने रात्रंदिवस खपून त्यांनी प्लेगची लस तयार केली.

ही लस कशी करीत ते भगिनींना ऐकावयास आवडेल, कारण ते काम आपल्या स्वयंपाकघरासारखेच होते. आपण मटणाचे अळणी काढतो त्याप्रमाणे बोकडाच्या मटणाचे सत्त्व काढावयाचे. बोकडाचेच घेत, कारण गाईचे किंवा डुकराचे मांस वापरले असते तर हिंदू व मुसलमान दोघांच्याही भावना दुखावल्या असत्या, आणि हे त्या परक्या माणसाने ध्यानात ठेवले होते. ते पाणी काचेच्या मोठ्या चंबूत उकळून निर्जंतुक करावयाचे, त्यावर साजूक तुपाचे थेंब सोडावयाचे आणि त्यात प्लेगचे जंतू घालून ठेवावयाचे. जंतू त्या तुपाच्या थेंबांना धरून धाग्यांसारखे खाली लोंबत वाढत. चंबू हलविला की ते खाली बसत आणि वर पुन्हा नवे वाढत. असे पाच-सहा आठवडे मुरू दिल्यावर सर्व ऊन करून जंतू मारून टाकावयाचे आणि थोडे कार्बोलिक ॲसिड घालून बाटल्या भरावयाच्या. त्या मेलेल्या जंतूंचे पाणी टोचले म्हणजे शरीर पुढल्या झुंजीला तयार होते.

यात सर्वांत अवघड काय, तर दुसरा कोणताही जंतू आत जाऊ न देणे. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला तर वर्षाचे लोणचे नासते, विरजणाला खरकटा हात लागला तर दही बिघडते, हे आपण जाणतोच. तेथे तर नासलेले पाणी माणसाच्या अंगात जावयाचे होते. म्हणून प्रत्येक बाटली तपासून पाहावयाची, झाकण ज्योतीवर फिरवून लावावयाचे, हा त्यांचा कडक नियम होता.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि तीही इतरांना देण्याच्या मात्रेपेक्षा मोठी. ताप आला, खांदा-कूस सुजली, परंतु ते आपले काम करीत राहिले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथे जे कैदी आपखुशीने पुढे आले त्यांना लस दिली. टोचलेल्या व न टोचलेल्या कैद्यांचे खाणेपिणे, राहणे एकच होते. तरी टोचलेल्यांत प्लेग फारच थोडा झाला. लस घेतली म्हणजे प्लेग मुळीच होणार नाही असे नव्हते, परंतु होण्याचा व मरण्याचा धोका पुष्कळ कमी होई. आगाखान यांनी लोकांदेखत स्वतः टोचून घेतले, आपल्या अनुयायांना तसे करण्यास सांगितले आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. आपल्या शेजारच्या हुबळी, धारवाड, बेळगाव या भागांतही लस पोचली. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्रयोगशाळा कायमची बसली. शतक संपेपर्यंत सुमारे ४० लाख लोकांना ही लस दिली गेली होती. हाफकिन यांचे नाव जगभर झाले.

येथपर्यंतची हकिगत आनंदाची आहे. पुढचा प्रसंग मात्र मन घट्ट करून वाचावा.

१९०२ साली पंजाबात प्लेगाने थैमान घातले. तेथील सरकारने लाखो लोकांना लस टोचावयाचे ठरविले. परळच्या प्रयोगशाळेवर एकाएकी मोठी मागणी आली, तेव्हा लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी करण्याच्या रीतीत काही फरक केला. त्यात कार्बोलिक ॲसिड घालणे सोडले होते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल नावाच्या खेड्यात टोचणीचे पथक आले. हे खेडे आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ लोकांना टोचण्यात आले. चार बाटल्यांतली माणसे सुखरूप राहिली. ५३-एन असा क्रमांक असलेल्या एका बाटलीतून ज्या १९ जणांना टोचले होते, त्यांचे जबडे आठवड्याभरात आवळू लागले, अंग धनुष्यासारखे ताठ होऊ लागले. तो धनुर्वात होता. एकोणीसच्या एकोणीस माणसे गेली.

भगिनींनो, प्लेगापासून जीव वाचावा म्हणून ही माणसे विश्वासाने पुढे आली होती. त्यांची मुलेबाळे, म्हातारी माणसे घरी होती. औषध घ्यावयास गेलेले माणूस औषधानेच जावे, याहून दुःखाची गोष्ट कोणती? पंजाबभर भीती पसरली. लोक टोचून घेईनासे झाले आणि प्लेग मात्र चालूच राहिला. म्हणजे त्या एका बाटलीने केवळ १९ जीव घेतले असे नव्हे. ज्यांनी भिऊन लस घेतली नाही आणि जे पुढे प्लेगाने गेले, त्यांचाही हिशेब त्यातच धरावा लागेल.

दोष कोणाचा, यासाठी सरकारने चौकशी नेमली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स तिचे प्रमुख होते. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की, बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, तिच्यात धनुर्वाताचे जंतू गेले असावेत. कार्बोलिक न घालण्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. ज्या प्रयोगशाळेची पहिली खोली त्यांनी तीन शिपायांसह उभी केली होती, तिचा दरवाजा त्यांना बंद झाला. १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून विलायतेस गेले.

हाफकिन यांनी मात्र हार मानली नाही. त्यांनी कागदपत्रे पुन्हा पुन्हा तपासली. चौकशीतच एक गोष्ट नोंदली गेली होती, तिच्याकडे कोणी पुरेसे लक्ष दिले नव्हते. मुल्कोवालला त्या दिवशी बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. चिमटा पडला तर तो ज्योतीवर भाजून घ्यावयाचा आणि मगच वापरावयाचा, हा नियम. त्या मदतनिसाने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळला आणि त्याच चिमट्याने बूच काढले. ती बाटली होती ५३-एन.

धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणाच्या जागेत असतातच. त्यांची बीजे फार चिवट. पाण्याने जात नाहीत, औषधाच्या पाण्यात क्षणभर बुडविल्यानेही मरत नाहीत. त्यांना कडक आच लागते. आज दवाखान्यात हत्यारे मोठ्या कुकरसारख्या यंत्रात दाबाच्या वाफेखाली ठेवतात, १२१ अंश उष्णतेत निदान पंधरा मिनिटे, ते याचसाठी. शिवाय दुसरा मुद्दा असा की, जर ती बाटली परळहून निघतानाच दूषित झाली असती, तर आठवडेच्या आठवडे बंद राहिल्याने आतले पाणी कुजून घाण वास आला असता. उघडली तेव्हा तसा वास कोणाला जाणवला नव्हता. आणि शेजारच्या चार बाटल्या अगदी चांगल्या होत्या.

हे मुद्दे जगापुढे मांडण्यास एक मोठे गृहस्थ पुढे आले. ते म्हणजे हिवताप डासांमुळे होतो हे हिंदुस्थानातच राहून शोधून काढणारे आणि त्यासाठी १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे सर रोनाल्ड रॉस. त्यांनी व इतर नामांकित जंतुशास्त्रज्ञांनी मिळून १९०७ सालच्या जुलै महिन्यात लंडनच्या टाइम्स पत्रात लिहिले आणि हाफकिन यांच्यावर अन्याय झाल्याचे दाखवून दिले. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. शेवटी त्याच वर्षी सरकारने त्यांच्यावरील ठपका काढला आणि त्यांना पुन्हा नोकरीवर बोलाविले. पाच वर्षे माणूस निष्कारण कलंक घेऊन जगला.

ते परत आले, परंतु परळची जागा त्यांना मिळाली नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी काही वर्षे काम केले. पूर्वीसारखे गावोगाव जाऊन टोचणीचे काम त्यांच्या वाट्यास पुन्हा आले नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त झाले आणि युरोपात जाऊन राहिले. त्यांनी लग्न केले नव्हते. उतारवयात ते आपल्या धर्माचे आचार निष्ठेने पाळीत, आणि जवळचा पैसा त्यांनी ज्यू मुलांच्या धर्मशिक्षणासाठी ठेवला. मुंबईकर त्यांना विसरले नव्हते. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान या गावी त्यांचे देहावसान झाले. १९६४ साली आपल्या सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीटही काढले.

हे चरित्र वाचून मला जे वाटले ते असे. लस करणारा माणूस केवढा काळजी घेणारा! दीड-दीड महिना चंबू राखला, बाटली बाटली तपासली, आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतले. आणि शेकडो कोस दूर, एका खेड्यात, शेवटच्या हाताने अर्ध्या मिनिटाचा आळस केला. तो हातही कोणा दुष्टाचा नव्हता. दिवसभर माणसे टोचून दमलेला, घाईत असलेला हात असावा. स्वच्छता ही साखळीसारखी असते. शेवटची कडी तुटली की मागच्या साऱ्या कड्या फुकट. आणि दवाखान्यात ही शेवटची कडी पुष्कळदा डॉक्टरांच्या हातात नसते. ती नर्सबाईंच्या, मावशींच्या, वॉर्डबॉयच्या आणि रोग्याजवळ बसलेल्या आपल्यासारख्या बाईच्या हातात असते.

याचे दुसरे उदाहरण आपल्या बाळंतिणीच्या खोलीतले आहे. पूर्वी नाळ कापावयास घरातले मिळेल ते पाते घेत. नाळेवर राख, माती, कोठे कोठे शेणही लावीत. आठ दिवसांच्या आत बाळाचे तोंड आवळले जाई, ते दूध ओढीनासे होई आणि जाई. घरातली माणसे बाहेरची बाधा समजत. ती बाधा म्हणजे मुल्कोवालचाच धनुर्वात. पुढे गरोदर बायकांना धनुर्वाताची सुई देऊ लागले आणि सुइणींना पाच स्वच्छता शिकविल्या: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, दोरा स्वच्छ, आणि नाळ स्वच्छ, म्हणजे तिच्यावर काहीही लावावयाचे नाही. या दोन गोष्टींनी काय केले पाहा. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने तपासणी करून सांगितले की, भारतात नवजात बाळांचा व मातांचा धनुर्वात जवळजवळ नाहीसा झाला आहे. केवढ्या आयांची कूस वाचली! यात महाग यंत्रे फारशी नव्हती. साबण, नवे पाते आणि उकळलेला दोरा होता.

हात धुण्याचे महत्त्वही असेच एका बाळंतिणीच्या वॉर्डातूनच जगाला कळले. व्हिएन्ना शहरी १८४७ साली सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी, प्रेताची तपासणी करून आलेल्या डॉक्टरांनी हात औषधाच्या पाण्यात धुतल्याशिवाय बाळंतिणीला शिवावयाचे नाही असा नियम केला, आणि बाळंतज्वराने मरणाऱ्या बायकांची संख्या झपाट्याने खाली आली. त्यांनाही लोकांनी नावे ठेवली. आपण मात्र २०२० साली करोना आला तेव्हा हात धुवावयास शिकलो आणि संकट सरले तशा विसरत चाललो.

म्हणून, या चरित्राच्या निमित्ताने, आपल्या मंडळातील भगिनींनी काही गोष्टी पाळाव्यात असे मला सुचवावेसे वाटते. आपल्यापैकी कोणी ना कोणी दर आठवड्याला थोरल्या दवाखान्यात किंवा पेठेतल्या एखाद्या इस्पितळात रोग्याला भेटावयास जातेच. जाताना पाच-सहा जणींनी मिळून जाऊ नये. लहान मुलांना नेऊ नये. स्वतःला खोकला, पडसे, जुलाब असतील तर घरीच थांबावे. भेट चार दिवस उशिरा झाली म्हणून नाते तुटत नाही. रोग्याला शिवण्यापूर्वी आणि शिवल्यानंतर साबणाने हात चोळून धुवावेत, बोटांच्या बेचक्या, नखे, मनगट सर्व. अर्धे-पाऊण मिनिट तरी लागते. हातात बांगड्या असतील तर त्या वर सारून धुवावे. रोग्याच्या खाटेवर बसू नये, पर्स खाटेवर ठेवू नये. सलाईनच्या नळीला, जखमेच्या पट्टीला हात लावू नये. बाळ-बाळंतीण पाहावयास गेल्यावर बाळाचा मुका घेऊ नये. दुरून दृष्ट काढली तरी माया पोचते.

इंजेक्शन देताना सुई नव्या पाकिटातून निघते की नाही ते पाहावे. आमच्या लहानपणी कंपाउंडर काचेची पिचकारी आणि सुया स्टीलच्या डब्यात उकळीत आणि त्याच पुन्हा वापरीत. ते दिवस गेले. आता एका माणसाला एक सुई, एकदाच, असा नियम आहे. काहीही जमिनीवर पडले तर ते पुसून वापरू देऊ नये. येथे आपण बायका संकोचतो. मोठ्या डॉक्टरांना, नर्सबाईंना कसे विचारावे असे वाटते. परंतु नम्रपणे विचारण्यात अपमान काही नाही. बाई, ती खाली पडली होती, दुसरी घ्याल का, एवढे म्हणावयास धैर्य लागते खरे, पण मुल्कोवालला त्या दिवशी कोणी एवढे म्हटले असते तर १९ घरे वाचली असती.

आणि एक गोष्ट. काही चूक घडली की लगेच एका माणसाला धरून त्याच्या माथी सारे मारावयाचे, ही सवय वाईट. हाफकिन यांच्या बाबतीत तेच झाले. दूरचा, परका, नावाजलेला माणूस सापडला, त्याच्यावर ठपका ठेवला आणि खरे कारण पाच वर्षे नीट पाहिले गेले नाही. त्या मदतनिसाला तरी एकट्याला दोष देऊन काय उपयोग? त्याच्याजवळ दुसरा चिमटा तयार ठेवला होता का, दमल्यावर त्याच्या जागी कोणी होते का, हेही विचारावयास पाहिजे. चूक कोठे झाली हे शांतपणे शोधावे, म्हणजे ती पुन्हा होत नाही. घरातही तेच. दूध नासले तर सुनेला बोल लावण्याआधी पातेले कोणी कसे धुतले ते पाहावे.

आपल्या मंडळाने येत्या वर्षात एक छोटे काम हाती घ्यावे अशी माझी सूचना आहे. दवाखान्यात ज्यांच्याजवळ बसावयास घरचे माणूस नसते, अशा रोग्यांकडे जाणाऱ्या आपल्या भगिनींनी साबणाची एक वडी आणि स्वच्छ धुतलेला पंचा बरोबर न्यावा. खर्च थोडा, पण हाफकिन साहेबांच्या नावाला शोभेल असा तो नेम होईल.

परक्या मुलखातून येऊन आपल्या लोकांसाठी ज्यांनी आधी स्वतःच्या अंगात सुई टोचून घेतली, त्या थोर पुरुषास माझे नमस्कार. लिहिण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास भगिनींनी सांभाळून घ्यावे. मंडळाची अशीच उत्तरोत्तर भरभराट होवो, ही आई अंबाबाईच्या चरणी प्रार्थना.